मदत हवी आहे : वाडीतील आंब्याच्या सावलीत नागलीऐवजी काय घ्यावे?

जव्हार तालुक्यात आमची एक एकर उताराची वरकस (हलकी, उथळ) जमीन असून, तीत आठ वर्षांपूर्वी १० × १० मीटर अंतरावर केशर आंब्याची ४० कलमे लावली आणि बांधावर गिरिपुष्प (पाल्याचे खत देणारे ग्लिरिसिडिया) व साग लावले. बायफ या ग्रामविकास संस्थेने १९८२ मध्ये गुजरातमधील वांसदा येथे सुरू केलेल्या वाडी पद्धतीचे (फळझाडे, त्यांच्या ओळींमध्ये पिके आणि बांधावर वनझाडे) खरे बळ मधल्या पिकात आहे, असे मी अनुभवाने म्हणतो, कारण झाडे फळाला येईपर्यंत ओळींमधल्या नागली (नाचणी) आणि वरईनेच आमचे घर चालले.

आता फांद्या पसरल्याने झाडाजवळची नागलीची कणसे अंगठ्याच्या पेराएवढीही भरत नाहीत. दोन पावसाळे हळद लावून पाहिली. परंतु दीड फुटावर मुरूम लागत असल्यामुळे कंद बारीक राहिले. गिरिपुष्पाचा पाला दरवर्षी दोनदा आंब्याच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत घालतो. आंबे काढल्यानंतर झाडांची हलकी छाटणीही करतो.

विहीर फेब्रुवारीअखेर आटते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी मागणारा मोगरा शक्य नाही. उन्हाळ्यात गुरे मोकळी सुटतात आणि बियाण्यावर दोन-तीन हजारांहून अधिक खर्च झेपणारा नाही. झाडे काढायची नाहीत.

अशा उथळ जमिनीत केवळ पावसाच्या पाण्यावर, अर्ध्या सावलीत सुरण किंवा करांदा (वेलीचा कंद) कोणी घेतला आहे का, आणि आंब्याचा मधला शेंडा छाटून ऊन आत घेतल्यास पुढील हंगामाचा मोहोर कितपत घटतो?