'रिअल-टाइम'ला तात्काळ म्हणावं का?

वेलांटी: एका तांत्रिक पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'रिअल-टाइम प्रणाली'ला 'तात्काळ प्रणाली' लिहिलं, तर संपादकांनी 'वास्तव काल प्रणाली' करून परत पाठवलं. 'वास्तव काल' वाचलं की मला काल-परवातला काल दिसतो. तुम्ही काय वापरता?

रफार: आधी 'तत्काळ' लिहा. तत् + काल. 'तात्कालिक'मधला 'ता' हा 'इक' प्रत्ययामुळे येतो, त्याचं इथे काय काम?

जुना प्रोग्रामर: शुद्धलेखन राहू द्या, अर्थच चुकतोय. रिअल-टाइम म्हणजे झटपट नव्हे. उत्तर ठरलेल्या मुदतीच्या आत येणारच, ही खात्री. मुदत १० मिलिसेकंदांची असेल, तर दर वेळी ९ घेणारी प्रणाली चालते; एरवी १ मध्ये उरकणारी पण क्वचित ५० घेणारी चालत नाही. एअरबॅग उशिरा उघडली तर गणित बरोबर असून उपयोग काय?

१९९७मध्ये मंगळावर नासाच्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हापुन्हा रीसेट होत होता. वेग कमी पडला म्हणून नव्हे. हवामानाच्या नोंदींचं दुय्यम काम सामायिक लॉक (एका वेळी एकाच कामाला मिळणारं कुलूप) धरून बसायचं, मधल्या प्रायॉरिटीची कामं त्याला पुढे सरकू देत नसत, आणि वरच्या प्रायॉरिटीचं काम त्या लॉकसाठी ताटकळत मुदत चुकवायचं. पृथ्वीवरून 'प्रायॉरिटी इनहेरिटन्स', म्हणजे लॉक धरणाऱ्याला ताटकळणाऱ्या कामाची प्रायॉरिटी तात्पुरती देणारी सोय, चालू केल्यावर ते थांबलं. म्हणून माझा शब्द 'मुदतबद्ध'.

रफार: 'मुदत' अरबी, 'बद्ध' संस्कृत. असला संकर पुस्तकात नको. 'कालमर्यादित' घ्या.

काना-मात्रा: 'कालमर्यादित' म्हणजे काही दिवस चालून बंद पडणारी वाटते! मुदत ठेव, मुदतवाढ म्हणतोच की आपण. शब्द केव्हाच मराठी झाला. आणि खरं तर 'वेळ' पुरेसा आहे. संस्कृत 'वेला'चा अर्थ किनारा, मर्यादा असाही होतो. 'वेळेत' म्हणजे मर्यादेच्या आत.

वेलांटी: पण पुस्तिकेत व्हिडिओ कॉललाही रिअल-टाइम म्हटलंय. तिथे एखादी फ्रेम उशिरा आली तर काही कोसळत नाही.

जुना प्रोग्रामर: ते 'सॉफ्ट' रिअल-टाइम. मुदत तिथेही असते, चुकली तर दर्जा घसरतो इतकंच. 'हार्ड'मध्ये एकदाही चुकून चालत नाही.

रफार: 'सॉफ्ट'ला मग 'मृदू' म्हणणार का?

काना-मात्रा: 'शिथिल' म्हणा. मृदू माती असते, मुदत नव्हे. आणि 'ढिला' हा 'शिथिल'वरूनच आलाय, तेव्हा तोही चालावा.

रफार: 'ढिली प्रणाली'? छापून दाखवा.