कॉर्डारोन चालू असताना कोरडा खोकला : गोळीमुळे की पावसाळी हवेमुळे?

खानापूर_पश्चिम
बाबांना (वय ६६) एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) आहे. ठोके आटोक्यात राहावेत म्हणून कॉर्डारोन २०० रोज एक आणि सोबत वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. दीड वर्ष होत आलं. सध्या कोरडा खोकला हटत नाही, चढावर दम लागतो. घरात सगळ्यांचं म्हणणं, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातला पाऊस आहे, खोकला असायचाच. पाकिटातला कागद वाचला तर फुप्फुसापासून डोळ्यांपर्यंत इतकं लिहिलंय की कशाला घाबरायचं ते कळेना. हा खोकला गोळीचा असेल का? थायरॉइड बिघडू नये म्हणून आयोडिनचं मीठ बंद करावं का? आणि आठ दिवस गोळी बंद ठेवून बघितलं तर चालेल का?

बेळगाव_औषधशास्त्र
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण धोका तिथं आहे. स्वतःहून गोळी बंद करू नका. आठ दिवसांत कळणारही काही नाही. अमिओडॅरोन (कॉर्डारोनमधलं औषध हेच) चरबीत, यकृतात, फुप्फुसांत साठून राहतं. अंगातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ५० दिवस जातात, काहींना १०० सुद्धा. त्यामुळं "बंद करूनही खोकला गेला नाही, म्हणजे गोळीचा नव्हता" हा निष्कर्ष साफ चुकतो. आणि ठोके बिघडले तर ते काही आठवड्यांनी बिघडतात, तोवर गोळी बंद केल्याचं कुणाच्या ध्यानातही नसतं.

खोकला गोळीचा असू शकतो. फुप्फुसाला सूज येणं हा कमी लोकांत दिसणारा, पण जिवावर बेतणारा परिणाम आहे. साठीच्या पुढचं वय, आधीपासून फुप्फुसाचा आजार, मोठा डोस किंवा दीर्घ काळ घेतलेली गोळी, यांत शक्यता वाढते. रोज २०० मिलीग्रॅमवरही तो होतो. कोरडा खोकला, हळूहळू वाढणारा दम, कधी बारीक ताप, वजन उतरणं अशी सुरुवात असते.

डॉक्टरांकडं जाताना गोळी सुरू होण्याआधीचा छातीचा एक्स-रे शोधून न्या. नवा त्याच्या शेजारी लावला की फरक दिसतो. एक्स-रेत स्पष्ट नसेल तर एचआरसीटी (छातीचा बारकाईनं काढलेला सीटी स्कॅन) करतात. तिसरी तपासणी डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून वायू रक्तात किती शिरतो त्याचं मोजमाप. नुसती फुंकायची चाचणी नीट येऊनही डीएलसीओ घसरलेलं असू शकतं. आधीच्या आकड्यापेक्षा १५ ते २० टक्क्यांनी कमी आलं तर गांभीर्यानं घेतात.

"हे अमिओडॅरोनमुळंच" असं सांगणारी एकच एक तपासणी नाही. बाकीची कारणं वगळत जावं लागतं. पायाला सूज, आडवं झालं की दम, असं असेल तर हृदयाचं पंपिंग कमी पडतंय का ते इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि बीएनपी (रक्ताची एक तपासणी) सांगतात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला की टीबीसाठी थुंकीही तपासावीच. गोळीचाच दोष ठरला तर हृदयाचे डॉक्टर ती थांबवून दुसरा उपाय लावतात आणि बहुधा स्टिरॉइड काही महिने देतात. ते लवकर आवरतं घेतलं तर त्रास उलटू शकतो, कारण औषध अजून फुप्फुसात असतं.

मिठाचं उत्तर आकड्यातच आहे. २०० मिलीग्रॅमच्या गोळीत साधारण ७५ मिलीग्रॅम आयोडिन असतं, त्यातलं सहाएक मिलीग्रॅम रोज मोकळं होतं. माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे हे चाळीस पट झालं. मीठ बदलून बाबांना काडीचा फरक पडणार नाही, घरातल्या पोरांचं आयोडिन मात्र विनाकारण तुटेल.

चिकोडी_लॅब
थायरॉइडबद्दल पुढचं. टीएसएच, टी४ (दोन्ही थायरॉइडच्या रक्त तपासण्या) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) गोळी सुरू होण्याआधी आणि मग दर सहा महिन्यांनी. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडं वर जातं आणि पुष्कळांचं आपोआप खाली येतं. तेवढ्या एका रिपोर्टवर घाबरू नये.

पुढं थायरॉइड मंदावला (थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सोसेना) तर सहसा कॉर्डारोन बंद करत नाहीत, थायरॉक्सिनची गोळी जोडतात. उलट थायरॉइडचं काम वाढलं तर ते जास्त अवघड. लक्षणं फसवी असतात, सोबत बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणारी गोळी) असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते. खूण ही बघा : महिनोन्‌महिने नीट असलेले ठोके अचानक पुन्हा बिघडले, किंवा वॉर्फरिनचा डोस तोच असून आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) वर गेला. अशा वेळी कॉर्डारोनचा डोस वाढवायच्या आधी टीएसएच बघायला हवं. गोळी बंद केल्यावरही काही महिने ही तपासणी चालू ठेवतात.

निपाणी_मेडिकल
खोकल्यावर दुकानातून ॲझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) आणलं असेल तर थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. निपाणीत तंबाखूच्या धुळीवर किंवा गुऱ्हाळाच्या धुरावर खापर फोडून लोक सर्रास हेच मागतात. अमिओडॅरोन ईसीजीतलं क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबवतं. त्यात ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन, डॉमपेरिडॉन पडलं तर ते आणखी लांबतं. जुलाबानं किंवा लघवीच्या गोळीनं पोटॅशियम उतरलेलं असेल तर क्वचित घातक ठोके सुरू होऊन माणूस चक्कर येऊन कोसळतो. शिवाय यातली बरीच औषधं वॉर्फरिनचा जोरही वाढवतात.

वॉर्फरिनचं तर वेगळंच प्रकरण आहे. कॉर्डारोन जोडल्यावर त्याचा डोस साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा कमी करावा लागतो, आणि हा परिणाम आठवडे चढत जातो. म्हणून पहिले दीड-दोन महिने आयएनआर दर आठवड्याला करतात. डिगॉक्सिन (हृदयाचंच एक औषध) असेल तर त्याचा डोस निम्मा. सिमव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) २० मिलीग्रॅमच्या वर नको. ग्रेपफ्रूट आपल्याकडं फारसं येत नाही, पण पपनस त्याच जातीचं, ते टाळलेलं बरं.

उन्हाचं सांगतो, या गोळीनं कातडी उन्हाला हळवी होते. शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद टोपी, आणि चेहऱ्याला झिंक ऑक्साइडचं मलम. गाडीच्या बंद काचेतूनही त्रास होतो. नाक-गालांवर निळसर करडी छटा आली तर ती उतरायला वर्ष लागू शकतं. रात्री दिव्याभोवती कडं दिसणं बहुतेक निरुपद्रवी, ते बुबुळावरचे कण असतात. पण न दुखता नजर धूसर झाली तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, कारण क्वचित डोळ्याची नस सुजते.

खानापूर_पश्चिम
खूप आभार. ॲझिथ्रोमायसिन खरंच आणलं होतं, सुरू केलेलं नाही. एक अडचण आहे, काही रिपोर्ट बेळगावचे, काही मिरजेचे. आणि रात्री त्रास वाढला तर सकाळपर्यंत थांबायचं का?

बेळगाव_औषधशास्त्र
सीमाभागात हे नेहमीचंच. एका जाड कार्डावर इंग्रजीत औषधाचं मूळ नाव, डोस, सुरू केल्याची तारीख लिहा. खाली तारीखवार टीएसएच, एसजीपीटी, आयएनआर. मागं पहिल्या ईसीजीची झेरॉक्स. दात काढायचा असो की भूल द्यायची असो, कार्ड आधी दाखवायचं. कार्डावर "कॉर्डारोन बंद" अशी नोंद झाली तरी ते पुढचे सहा महिने जवळ असू दे.

चक्कर येऊन पडणं, नाडी ५०च्या खाली आणि अंधारी, बसल्या जागी दम, काळी शौच, डोळे पिवळे, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. काविळीसाठी झाडपाल्याचं देणाऱ्याकडं तर मुळीच जाऊ नका, यकृताला गोळीचाच मार बसलेला असू शकतो. यातलं काही नसलं तरी दीड वर्षाची गोळी आणि नवा दम म्हटल्यावर एक्स-रे याच आठवड्यात करून घ्या.