पेर किर्केबी यांच्या चित्रांत भूशास्त्र नेमके कुठे आहे?

पाऊलखूण (प्रश्न)

डेन्मार्कचे चित्रकार पेर किर्केबी (१९३८–२०१८) यांच्याविषयी गेले काही आठवडे मिळेल ते वाचत आहे. जवळजवळ प्रत्येक लेखाच्या सुरुवातीलाच ‘ते मुळात भूशास्त्रज्ञ होते’ असे सांगितलेले असते आणि मग चित्रातल्या प्रत्येक तपकिरी पट्ट्यात खडकाचा थर शोधला जातो. कोपनहेगन विद्यापीठातून त्यांनी १९६४ मध्ये आर्क्टिक भूशास्त्रातली पदव्युत्तर पदवी मिळवली आणि विद्यार्थिदशेत ते ग्रीनलंडच्या मोहिमांवर गेले होते, याबद्दल वाद नाही. परंतु १९६२ पासूनच, म्हणजे पदवी हाती येण्याच्या दोन वर्षे आधी, ते कोपनहेगनच्या प्रायोगिक कलाशाळेत दाखल झाले होते. तेव्हा भूशास्त्राचा हा धागा समीक्षकांनी सोयीसाठी ताणला आहे, की चित्रांत तो खरोखर दिसतो? शिवाय त्यांची विटांची शिल्पे, फळ्यावरची खडूची चित्रे, कविता आणि लघुपट हे सारे या एका धाग्यात ओवता येईल असे मला वाटत नाही. ज्यांनी त्यांचे काम पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गाळवाट

आपली शंका रास्त आहे, पण मी तिचे उत्तर ‘दिसतो, मात्र शोधतात तिथे नाही’ असे देईन.

आधी कलाशाळेविषयी, कारण तिच्याशिवाय पुढचे कळत नाही. चित्रकार पौल गेर्नेस आणि कला-इतिहासकार ट्रोल्स आनर्सन यांनी १९६१ मध्ये ती सुरू केली. राजाश्रयाखालच्या जुन्या कला अकादमीतील शिक्षणाला पर्याय उभा करणे हा तिचा उद्देश होता. तिथे गुरू-शिष्य अशी उतरंड नव्हती. एकत्र राबायचे, एकमेकांच्या कामात हात घालायचा, छपाई, चित्रपट, सादरीकरण यांपैकी कशालाही दुय्यम मानायचे नाही, अशी तिथली रीत होती. किर्केबींची साठच्या दशकातली चित्रे पाहिली तर ग्रीनलंडची आठवणही येत नाही. त्यांत तंबू आहेत, कुंपणे आहेत, साहसकथांतून उचललेल्या आकृत्या आहेत, भिंतीच्या कागदासारखी नक्षी आहे, आणि हे सगळे एकमेकांवर बिनदिक्कत चढलेले आहे.

याच काळात त्यांनी चित्रासाठी जो पृष्ठभाग निवडला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मेसोनाइट म्हणजे लाकडाच्या लगद्याचा दाबून केलेला कडक फलक. तो बांधकामासाठी ठरावीक मापात विकला जात असे आणि त्याचा अर्धा भाग कापला की १२२ गुणिले १२२ सेंटिमीटरचा चौरस मिळत असे. किर्केबींनी हे माप पुढे अनेक वर्षे सोडले नाही. निसर्गचित्राला आडवी चौकट हवी असते, कारण त्यात क्षितिज असते. चौरसात क्षितिजाला आपोआप मान मिळत नाही. त्यामुळे त्यांच्या चित्रात ‘इथे आकाश, इथे जमीन’ अशी वाटणी करायला आपण गेलो की आपली फसगत होते. फलक कडक असल्यामुळे त्यावर रंग चढवावा, पुसावा, खरवडावा आणि पुन्हा चढवावा, हे कापडापेक्षा निर्धास्तपणे करता येते.

भूशास्त्र मला या ठिकाणी दिसते. खडकाचा देखावा रंगवणे ही वेगळी गोष्ट, आणि खडक जसा घडतो तसे चित्र घडवणे ही वेगळी. एक थर साचतो, त्याची झीज होते, दुसरा त्याच्यावर बसतो, मधूनच खालचा उघडा पडतो. आणि जो झाकला गेला तोही वरच्याचा आकार ठरवत राहतो. किर्केबींच्या ऐंशीच्या दशकातल्या मोठ्या तैलचित्रांसमोर जवळून उभे राहिले, तर हिरव्याच्या कडेने आतला गंजलेला तांबडा डोकावताना दिसतो आणि तो तांबडा एके काळी चित्रातला मुख्य रंग असावा असा संशय येतो. गंमत म्हणजे, ही थर चढवण्याची सवय साठच्या दशकातल्या त्या तंबू-कुंपणांच्या चित्रांतच लागलेली आहे. म्हणून ती विद्यापीठातून आली की कलाशाळेतून, हा प्रश्न सोडवण्यात मला फारसे हशील वाटत नाही.

आणखी एक. १९८० मध्ये त्यांनी एक लघुपट केला, त्याचे नावच ‘भूशास्त्र: हे खरोखर विज्ञान आहे का?’ अशा अर्थाचे आहे. ज्या शास्त्राची पदवी आपण घेतली त्याच्याकडे हा माणूस किती संशयाने पाहत होता, हे त्यावरून कळावे. चरित्रलेखक मात्र त्या पदवीकडे भाबडेपणाने पाहतात.

तैलगंध

गाळवाट यांचे विवेचन आवडले, तरी मला काटा थोडा दुसरीकडे झुकवावासा वाटतो. किर्केबी हे सर्वांआधी चित्रकलेच्या इतिहासाचे वाचक होते. दलाक्रवा, टर्नर, माने, सेझान, व्हॅन गॉग यांच्यावर त्यांनी स्वतः निबंध लिहिले. ते निबंध म्हणजे एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाची केलेली तपासणी आहे. कवी म्हणूनही त्यांची वाटचाल १९६६ पासूनची आहे. रंगाचा थर झाकणे आणि उघडणे हे तर जुन्या तैलचित्रकारांचे नित्यकर्म होते. त्यासाठी ग्रीनलंडला जाण्याची गरज नाही. डेन्मार्कमध्येच त्यांच्या आधीच्या पिढीत आस्गर योर्न यांनी रंगाच्या राड्यातून चित्र वर काढण्याचा रस्ता खुला केलेला होता.

शिवाय त्यांची कारकीर्द घडली ती मोठ्या प्रमाणात जर्मनीत. गॅलरीचालक मिखाएल व्हेर्नर यांनी त्यांचे काम उचलून धरले. गेओर्ग बाझेलित्स, मार्कुस ल्युपेर्त्झ, ए. आर. पेंक हे त्याच गॅलरीतले सहप्रवासी. १९७८ ते १९८९ किर्केबी कार्ल्सरूहेच्या कला अकादमीत प्राध्यापक होते आणि त्यानंतर २००० पर्यंत फ्रँकफुर्टच्या स्टेडेलशूले या कलाशाळेत. १९८१ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत ‘चित्रकलेचे नवे चैतन्य’ या आशयाच्या नावाने जे प्रदर्शन झाले, त्यात त्यांची चित्रे होती आणि १९८२ च्या कासेल येथील डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनातही होती. तेव्हापासून त्यांच्यावर नव-अभिव्यक्तिवादी, म्हणजे भावनेच्या आवेगाने ढोबळ फटकाऱ्यांत रंगवणारा, असा शिक्का बसला. माझ्या मते तो भूशास्त्रज्ञ या शिक्क्याहून अधिक दिशाभूल करणारा आहे. बाझेलित्स यांच्या चित्रांत जो आवेश आहे, आकृती उलटी टांगण्याची जी ईर्षा आहे, ती किर्केबींत कुठेच नाही. ते बिचकत, चाचपडत पुढे जातात.

विटकर

विटांच्या शिल्पांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. यांचा उगम भूशास्त्रात नाही, असे मी ठामपणे म्हणेन. किर्केबींचे बालपण कोपनहेगनच्या बिस्पेब्येर्ग भागात, ग्रुंडत्विग चर्चच्या परिसरात गेले. पी. व्ही. येन्सन-क्लिंट यांनी आराखडलेल्या या चर्चचे बांधकाम १९२१ मध्ये सुरू झाले आणि १९४० मध्ये संपले. खांब, कमानी, व्यासपीठ, सगळे पिवळ्या विटेत आहे. गिलावा नाही, नक्षी नाही, जे काही सौंदर्य आहे ते जोडाईचे. दुसरा संदर्भ १९७१ च्या मध्य अमेरिकेतल्या प्रवासाचा, ज्यात त्यांनी माया संस्कृतीच्या वास्तूंचे अवशेष पाहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, डेन्मार्कमधल्या इकास्त या गावी त्यांचे विटांचे पहिले मोठे शिल्प उभे राहिले. ते घरासारखे दिसते, पण राहण्यासाठी नाही.

पुढे युरोपात अनेक ठिकाणी त्यांनी अशी बांधकामे केली, बहुधा लाल विटेत. दार असते, पण त्यातून जाऊन पोहोचायचे कुठे हे ठरलेले नसते. चित्रांत ज्या गोष्टीला ते सतत झाकतात ती, म्हणजे रचना, इथे पूर्ण उघडी आहे. मला तर ही शिल्पे त्यांच्या चित्रांचा प्रतिवाद वाटतात: चित्रात निर्णय शेवटपर्यंत बदलता येतो, विटेच्या ओळीत तो गवंड्याच्या हाती देऊन मोकळे व्हावे लागते.

पाऊलखूण

सर्वांचे आभार. खडूच्या फळ्यांबद्दल आणि अखेरच्या वर्षांबद्दल कोणी लिहील का? त्यांनी चित्रकला सोडली असे एके ठिकाणी वाचले, ते खरे आहे का?

गाळवाट

फळे म्हणजे तोच मेसोनाइट, काळा रंगवलेला, आणि त्यावर बहुतांशी खडूने काढलेली रेखाटने: झाडाचे खोड, गुहेचे तोंड, फांद्या, एखादा भूभागाचा छेद. वर्गात शिक्षक समजावून सांगताना जसे काढतो तसे, फक्त इथे कोणी पुसायला येत नाही. भूशास्त्राची थेट आठवण करून देणारे काम दाखवा असे कोणी म्हटले तर मी तैलचित्रे बाजूला ठेवून हे फळे दाखवीन. कोपनहेगनच्या भूशास्त्र संग्रहालयातील जिन्याच्या दालनाची सजावट त्यांनी २००४ मध्ये केली, तीही या संदर्भात पाहण्यासारखी आहे.

चित्रकला सोडल्याचे खरे आहे, पण ती निवड नव्हती. २०१३ मध्ये घरातल्या जिन्यावरून पडून त्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली आणि त्यानंतर रंगांचे आणि चेहऱ्यांचे आकलन पूर्वीसारखे राहिले नाही. आने विवेल यांनी या काळात त्यांच्यावर माहितीपट केला. तो २०१५ मध्ये आला. स्वतःच्याच चित्रासमोर बसलेला चित्रकार त्यात दिसतो आणि तो पाहणे सोपे नाही. ९ मे २०१८ रोजी त्यांचे कोपनहेगनमध्ये निधन झाले.

तैलगंध

एक पुरवणी. ज्यांना त्यांच्याकडे वळण्यासाठी वेगळी वाट हवी असेल त्यांनी लार्स फॉन ट्रिअर यांच्या ‘ब्रेकिंग द वेव्ज’ (१९९६) या चित्रपटातील प्रकरणांच्या शीर्षकदृश्यांकडे लक्ष द्यावे. ती किर्केबींबरोबर घडवलेली आहेत. दृश्य जवळजवळ स्थिर असते, केवळ उजेड हळूहळू सरकतो, आणि पाहणाऱ्याला एरवी चित्रासमोर जेवढा वेळ उभे राहण्याचा धीर होत नाही तेवढा वेळ थांबावे लागते. मूळ चित्रे पाहायची असतील तर कोपनहेगनमधील राष्ट्रीय कलादालन आणि हुमलेबेक येथील लुइझियाना संग्रहालय, या दोन्ही ठिकाणी त्यांचे काम संग्रही आहे. जाण्यापूर्वी कोणती चित्रे मांडलेली आहेत याची चौकशी करावी, कारण संग्रहातले सगळे एकाच वेळी भिंतीवर नसते.