जंगलातल्या दुर्गम गरम झऱ्यावर एका दिवसात जाऊन येणं: पाणी कसं तपासायचं, किती वेळ बसायचं?

रानपाखरू
डोंगरातल्या दाट जंगलात गरम पाण्याचा एक झरा आहे, तिथे जायचंय. गाडी थांबते तिथून एका बाजूचं अंतर ९ किमी, चढ साधारण ७०० मीटर, अर्ध्या वाटेवर एक ओढा. मोबाइलला रेंज नाही, झऱ्यावर फलक नाही की रखवालदार नाही. आम्ही चौघं आहोत. त्यात ११ वर्षांची मुलगी आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले काका. मुक्काम करणार नाही. बूट, सॅक, ऑफलाइन नकाशा ही तयारी झाली आहे. पाणी उतरण्याजोगं आहे की नाही हे कशावरून ठरवायचं? कोणी किती वेळ बसायचं? आणि दिवसाचं वेळापत्रक कसं आखायचं?

घाटवाट
आधी वेळेचं बघू. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला आडाखा आजही वापरतात: ताशी ५ किमी, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. तुमच्या वाटेला तो लावला तर ९ किमीचे पावणेदोन तास, चढाचा सव्वा तास, म्हणजे तीन तास. पण हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा आणि न थांबता चालण्याचा आहे. मुळं, चिखल आणि सोबत लहान मुलगी असताना साडेचार तास धरा. परतीलाही साडेतीन धराच, कारण गरम पाण्यातून निघाल्यावर पाय ढिले पडतात आणि उतारावर घसरणं वाढतं.

म्हणजे सकाळी ६ ला निघून साडेदहाला झऱ्यावर, साडेबाराला परत फिरायचं, ४ पर्यंत गाडीपाशी. साडेअकरापर्यंत झरा आला नाही तर असाल तिथून माघारी वळायचं, आणि हे निघण्यापूर्वीच सगळ्यांच्या गळी उतरवून ठेवायचं. घरच्या कोणाकडे तरी वाट, गाडीचा नंबर आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागव’ असं लिहून द्या. हेडटॉर्च माणशी एक.

ओढ्याचं पाणी बर्फ वितळून येत असेल तर ते दुपारनंतर चढतं. सकाळी घोट्याएवढं होतं म्हणून परतताना तेवढंच असेल असं धरू नका. वेगाचं पाणी मोठ्यांच्या गुडघ्याच्या वर असेल तर मुलीला घेऊन उतरायचं नाही. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, बूट काढू नका.

कातळकडा
आता पाण्याबद्दल. अशा जागी अंदाज चालत नाही. ० ते १०० अंश मोजणारा, लांब सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तो चिकटपट्टीने ट्रेकिंग पोलच्या टोकाला बांधा. तीन जागी मोजा: पाणी कुंडात शिरतं तिथे, मधोमध पृष्ठभागावर, आणि तळाशी. गरम पाणी वर तरंगतं, म्हणून नुसतं वरचं मोजलं तर आकडा जास्त दिसतो. उलट झरा तळाच्या वाळूतून फुटत असेल तर वर ३८ आणि पाय रुततो तिथे ५० असंही होतं. मग काठीने पाणी ढवळू नका, पाय वाळूत खुपसू नका, सपाट दगडावर बसा.

आकडे पाठ करून ठेवा. ३७ ते ३९ अंश: बसण्याजोगं. ४० ही वरची मर्यादा. ५० अंशाला सुमारे पाच मिनिटांत त्वचा खोलवर भाजते, ६० ला पाच सेकंद पुरतात. मुलांची त्वचा पातळ असल्याने त्यांना त्याहून कमी वेळ लागतो. मागच्या आठवड्यात कोणी ३८ सांगितलं असलं तरी स्वतः मोजाच. कुंडात ओढ्याचं पाणी मिसळत असेल तर पाऊस झाल्यावर ते गार होतं आणि ओढा आटल्यावर चटके बसतात.

उगमापाशी पांढरट, पापुद्र्यासारखी किंवा भुसभुशीत जमीन दिसली की तिच्यावर पाऊल टाकू नका. तिच्याखाली उकळतं पाणी असू शकतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या नॉरिस भागात २०१६ साली एक तरुण वाट सोडून गेला आणि अशाच पाण्यात पडून दगावला.

मुलीला एका वेळी ५ ते १० मिनिटं, मोठ्यांना १५. मध्ये बाहेर येऊन अंग निववायचं, पाणी प्यायचं. काकांसाठी मात्र मी कडक राहीन. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यात गोळ्यांचा परिणाम मिळाला की उठताना रक्तदाब एकदम खाली येतो आणि ओल्या दगडावर चक्कर येते. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. हो म्हणाले तरी कंबरेपर्यंतच, १० मिनिटं. बाहेर येताना आधी काठावर बसून दोन-तीन मिनिटं नुसते पाय पाण्यात, मग कोणाचा तरी हात धरून उभं राहायचं. दारू कोणीच घ्यायची नाही.

निळावंती
दोन गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, त्या जोडते.

पहिली, नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा. कोमट गोड्या पाण्यात वाढतो, ४६ अंशांपर्यंत तग धरतो. तो नाकावाटे मेंदूत पोहोचतो, गिळल्याने होत नाही. लागण फार दुर्मीळ, पण झाली तर जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणून डोकं पाण्याखाली न्यायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, तळचा गाळ उपसायचा नाही. परतल्यावर १२ दिवसांच्या आत ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या किंवा मान आखडणं सुरू झालं तर लगेच दवाखाना, आणि गरम झऱ्यात उतरल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

दुसरी, हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास म्हणजे तोच. हवेपेक्षा जड असल्याने वारा नसलेल्या खोलगट जागी साचतो. वास येत होता आणि अचानक बंद झाला तर हायसं वाटून घेऊ नका. प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो. आजूबाजूला मेलेले किडे-पाखरं दिसली, डोळे चुरचुरले किंवा डोकं जड झालं तर वरच्या, वाऱ्याच्या जागी निघून जा. कपारीत किंवा गुहेत असलेल्या कुंडात उतरूच नका. चांदीचे दागिने घरी ठेवा, काळे पडतात. कॉन्टॅक्ट लेन्सही काढून ठेवा.

रानपाखरू
खूप उपयोगी माहिती, आभार. मुलगी बुडी मारायचा हट्ट धरणार हे नक्की. नाकाला क्लिप लावली तर चालेल का? आणि झऱ्याचं पाणी उकळून पिता येईल का?

निळावंती
क्लिपने धोका कमी होतो, संपत नाही, आणि मुलं ती मध्येच काढतात. बुडी नकोच. हे घरीच सांगून ठेवा, तिथे पोहोचल्यावर समजूत घालणं कठीण जाईल.

झऱ्याचं पाणी पिऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, पण खोल खडकांतून विरघळून आलेलं आर्सेनिक, फ्लोराइड तसंच राहतं. माणशी तीन लिटर सोबत न्या. कमी पडलं तर गार ओढ्याचं, झरा मिसळतो त्याच्या वरच्या अंगाचं घ्या आणि खळखळून एक मिनिट उकळा. २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

घाटवाट
कुंड जास्त गरम निघालं तर ओढ्याकडचे एक-दोन दगड सरकवून गार पाणी आत घेता येतं. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा.

कातळकडा
एक-दोनच, आणि निघताना जिथले तिथे. मोठे बांध घातले की प्रवाह अडतो, पाणी साचून खराब होतं. दगडांवरचे नारिंगी-हिरवे थरही खरवडू नका, ते सूक्ष्मजीवांच्या वसाहतींचे असतात. पीसीआर चाचणीत (डीएनएच्या असंख्य प्रती काढतात ती) वापरलं जाणारं एन्झाइम यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्याच एका जिवाणूत सापडलं. साबण, तेल, सनस्क्रीन लावून पाण्यात उतरायचं नाही. शौचाला झऱ्यापासून आणि ओढ्यापासून ६० मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून.

आणि अंग पुसण्याचं. ओल्या केसांनी, ओल्या कपड्यांत सावलीतून उतरायला लागलात की अर्ध्या तासात हुडहुडी भरते, कारण त्वचेकडे आलेलं रक्त उष्णता झपाट्याने बाहेर टाकत असतं. प्रत्येकाचा कोरडा जोड वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवा, सुती नको, लोकरीचा किंवा सिंथेटिक. आधी डोकं कोरडं करून टोपी, मग बाकीचं. मुलीचे कोरडे कपडे ती पाण्यात असतानाच पिशवीतून काढून काठावर तयार ठेवा.