चहा महाग नव्हे, स्वस्त झाला होता

शेलापागोटे: ‘महागड्या चहाला कंटाळलेल्या सामान्य माणसाने अमेरिका घडवली’ असे कालच्या लेखात ठोकून दिलेले वाचले आणि राहवले नाही. ब्रिटिश पार्लमेंटच्या १७७३च्या चहा-कायद्याने चहा महाग झालाच नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीची गोदामे न खपलेल्या मालाने तुंबली होती, म्हणून तिला अमेरिकेतल्या वसाहतींत थेट विक्रीची मुभा मिळाली आणि पौंडामागे तीन पेन्सांचा जुना कर धरूनही तो चहा स्वस्तच पडणार होता. पोटावर पाय आला तो चोरट्या डच चहावर गबर झालेल्या व्यापाऱ्यांच्या. १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या बुडाल्या, त्या त्यांच्यासाठी.

चार्ल्सकाठचा: मी चौदा वर्षे बॉस्टनजवळ राहतो. इथल्या संग्रहालयाच्या जहाजावरून पाहुण्यांना चहाची पेटी पाण्यात फेकू देतात. ती दोरीने बांधलेली असते आणि पुढच्या पाहुण्यासाठी परत वर ओढतात. माझ्या लेकीने एकच पेटी तीनदा बुडवली आणि विचारले, “कर एवढासाच होता, तर हे लोक रागावले कशाला?” प्रश्न रकमेचा नव्हताच, ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नाही तिने कर लावण्याचा होता. ग्रीन कार्डच्या रांगेत उभा राहून मी चौदा वर्षे कर भरतो आणि मत मात्र देऊ शकत नाही, त्यामुळे ही चीड मला पुस्तकात शोधावी लागत नाही. शिवाय पेट्या फोडणाऱ्यांत जॉर्ज ह्यूजसारखा गरीब चांभारही होता, तो कोणता गबर व्यापारी?

शेलापागोटे: तुम्ही व्हिसा मागून तिथे गेलात, कृपया स्वतःला वसाहत समजू नका.

बारामावळ: भांडण चहाच्या कपातच चालू द्यायचे का? ऑक्टोबर १७७७ मध्ये अमेरिकेत साराटोगाला इंग्रज फौजेने शस्त्रे ठेवली, आणि जानेवारी १७७९ मध्ये आपण तळेगाव जाळून, दाणावैरण तोडून त्यांना वडगावला तह करायला लावला. तिथे राष्ट्र जन्मले, आणि आपल्याकडे १७८२ साली सालबाईच्या तहावर समाधान मानले गेले. का, ते सांगा.

शेलापागोटे: विषयांतर आहे, तरी सांगतो. साराटोगाला शरण आलेला इंग्रज सेनापती बर्गॉइन, त्याच्या पाच हजारांहून अधिक सैनिकांना मायदेशी पाठवण्याचे ठरले होते. अमेरिकी काँग्रेसने ते पाळले नाही आणि त्यांना अडकवून ठेवले. आपण दोन ओलीस ठेवून सगळी फौज मुंबईला जाऊ दिली, आणि मग कंपनीने तह धाब्यावर बसवला.

बारामावळ: म्हणजे दिलेला शब्द पाळला हा आमच्या पूर्वजांचा गुन्हा! आमचे घर वडगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. आजोबा शेताचा बांध दाखवून “इथे टोपीकर अडकला” असे सांगत. त्या माणसासमोर हे बोलून दाखवा.

चार्ल्सकाठचा: शब्द पाळण्याचा विषय निघालाच आहे, तर ‘सर्व माणसे समान’ असे १७७६ साली जाहीर करणाऱ्यांनी १७८७च्या राज्यघटनेत गुलामाला तीन पंचमांश माणूस मोजले, हेही लिहावे लागेल. ज्यांची बाजू मी मघापासून घेतो आहे तेच हे लोक, हे नाइलाजाने मान्य करतो.

शेलापागोटे: मग मीही तुमचा चांभार मान्य करतो, पण तीन पेन्सांपुरताच. बारामावळ, आजोबांविषयी आदर आहे. मात्र १७८१ साली यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला आणि टिपूवरच्या स्वारीत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन हे मराठे सरदार त्याच्याच बाजूने लढले, हे तेवढे तुमच्या पोवाड्यात कुठे बसते ते पाहा.