पाचारणात टिकून राहताना : नाशिक परिसरातील सेवकांचे अनुभव

सेवेचे पाचारण, म्हणजे देवाची हाक, स्वीकारलेल्या माणसाला विरोधापेक्षा निरुत्साह अधिक थकवतो, असे माझे निरीक्षण आहे. विरोध निदान समोर उभा असतो. रोडावलेली मंडळी (चर्चमधला समुदाय), रखडलेले मानधन आणि घरच्यांच्या मनातले प्रश्न यांच्याशी मात्र एकट्यानेच झगडावे लागते. म्हणून सर्व सेवकांना विनंती केली, की सेवा सोडावीशी वाटत असताना आपण कशामुळे टिकलात, तेवढेच लिहावे.

प्रचारक, पेठ तालुका

आमच्या मंडळीतील बहुतेक कुटुंबे भात-नागलीची कामे उरकली की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या मजुरीला जातात आणि गावातील उपासना ओस पडते. “धर्माचे किती पैसे मिळतात?” असे रस्त्यात अडवून विचारणारे भेटतात. मानधन वेळेवर होत नसल्यामुळे सासऱ्यांनी सातपूरच्या एका कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला होता, आणि त्यांची काळजी रास्तच होती.

मंडळी येत नाही म्हणून मी बागांकडे जाऊ लागलो. तेथे प्रार्थना रात्री नऊनंतरच सुरू होते, कारण दिवसभर द्राक्षघडांतील मण्यांची विरळणी करून परतलेल्या बायांना आधी चूल पेटवायची असते; वर हात करून काम केल्याने त्यांचे खांदे इतके भरून आलेले असतात, की प्रार्थनेला हात उचलणेही जड जाते. एकदा वाटेतल्या अपमानाने खचून मी तेथे पोहोचलो आणि आज प्रार्थना घेणे जमणार नाही असे म्हणालो. एका आजीने काही न विचारता नागलीची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. “एलीया मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला आधी जेवू घातलं, झोपू दिलं. तू पण जेव,” एवढेच ती म्हणाली. बायबलमधील 1 राजे 19 हा अध्याय मी अनेकदा शिकवला आहे, पण त्यातील भाकरीचे महत्त्व मला त्या पालात कळले. कारखान्यातील नोकरी मी नाकारली. ज्यांच्यासाठी मला बोलावले आहे, ती माणसे हंगामात बागेत असतात, म्हणून मीही तेथे असतो.

गृहिणी, नाशिकरोड

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, त्यामुळे आमच्याकडे त्यांची कथा वारंवार सांगितली जाते. मात्र सांगणारे 1895 मधील त्यांचे पती नारायण वामन टिळकांच्या बाप्तिस्म्यावरून थेट 1900 मधील लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्यावर येतात. मला आधार वाटतो तो मधल्या वर्षांचा, कारण ताटातूट, लोकनिंदा आणि मनाची उलघाल हे सारे सोसूनच त्या आपल्या निर्णयापर्यंत आल्या. माझ्या बाप्तिस्म्यानंतर माहेरच्या कार्यांची आमंत्रणे थांबली. आई मात्र दुपारी घरातले सगळे झोपल्यावर फोन करते आणि भाजी काय केली ते विचारते. येशूविषयी आम्ही अजून बोललेलो नाही. मी रोज तिच्या नावाने प्रार्थना करते आणि फोन कधीही चुकवत नाही. सध्या माझी सेवा हीच आहे.

परिचारिका

रविवारी ड्यूटी असल्याने मी उपासनेला क्वचितच येते आणि त्यावरून आपल्याच मंडळीत बोलले जाते. बाहेरच्यांच्या टीकेपेक्षा हे अधिक लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ पुसताना मी मनात स्तोत्र म्हणते. हे काम मला प्रभूनेच दिले आहे, याविषयी मला शंका नाही.

निवृत्त शिक्षक, शरणपूर

आमच्या शरणपूरच्या मिशनशाळेत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकत असत. त्यांपैकी जेकब वेनराइट 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्या तांड्यात होता, त्यांच्या दफनाची प्रार्थना त्याने वाचली आणि पार्थिवासोबत तो इंग्लंडपर्यंत गेला. ज्यांनी त्याला अक्षरे गिरवायला शिकवली, त्यांना यातले काहीच आधी ठाऊक नव्हते. संडे स्कूलला मोजकीच मुले येतात तेव्हा मला त्या शिक्षकांची आठवण होते.

प्रचारकबंधूंनी मानधनाचा उल्लेख अर्ध्या वाक्यात उरकला आहे, पण शहरातील मंडळ्यांनी तो वाचून पुढे जाऊ नये. आम्ही काही ज्येष्ठांनी हंगामभर त्यांच्या पेट्रोलचा खर्च उचलायचे ठरवले आहे. ज्यांना हातभार लावायचा असेल, त्यांनी आपल्या पाळकसाहेबांकडे नाव द्यावे.