कोळंबीच्या झणझणीत पास्त्यात चीज आणि क्रीम कशाला?

खाडीकाठ:
घरी कोळंबीचा पास्ता करायचा म्हटलं की आपल्याकडे आधी चीजचा डबा आणि क्रीम बाहेर निघतं. माझ्या मते दोन्ही नकोत. इटलीतल्या नेपल्समध्ये तिसऱ्या म्हणजे छोट्या शिंपल्यांचं स्पगेटी करतात त्यात ऑलिव्ह तेल, लसूण, थोडी मिरची, पांढऱ्या वाइनचा शिपका आणि पार्सली, बस. तिसऱ्यांना सुटलेलं पाणी हाच सॉस.

कोळंबीचंही तसंच करा. डोकी आणि कवचं टाकू नका. तेलात लाल होईस्तोवर परता, दोन वाट्या पाणी घालून १५ मिनिटं उकळा, गाळून घ्या. पास्त्याला १०० ग्रॅममागे १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या २ मिनिटं आधीच काढायचा. सोललेली कोळंबी तेलात जेमतेम २ मिनिटं परतून बाजूला ठेवायची. त्याच तेलात ठेचलेला लसूण, लवंगी मिरची, एखादा पिकलेला टोमॅटो, मग गाळलेलं पाणी, पास्ता आणि पास्त्याचं पाणी वाटीभर. मोठ्या आचेवर हलवत राहिलं की पास्त्याची पेज आणि तेल एकजीव होऊन सॉस दाट होतो. क्रीमचं कामच उरत नाही. कोळंबी अगदी शेवटी. अर्ध्या तासात ताट वाढलेलं.

मीठमिरची:
ताई, रीत छान, पण चीजवरचा राग पटला नाही. मासे आणि चीज एकत्र नको हे इटलीतसुद्धा सगळीकडे पाळत नाहीत. दक्षिण इटलीतल्या बारी शहरात शिंपल्या, बटाटे आणि तांदूळ यांचे थर लावून भाजतात, त्यात पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचं चीज घालतात. दुसरं म्हणजे तिखट. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. दुधातली प्रथिनंही तो शमवतात. माझी मुलं क्रीममुळेच हा पास्ता खातात. त्यांनी काय करायचं?

खाडीकाठ:
मुलांचा वेगळा काढा आणि मिरची आपल्या वाट्यात घाला. बारीचा पदार्थ ओव्हनमध्ये निवांत भाजला जातो, चीज तिथे मुरतं. आपण गरम पास्त्यावर प्रोसेस्ड चीज किसतो, त्याचा चिकट गोळा होतो आणि कोळंबीची गोडी त्याखाली जाते. ६००-७०० रुपये किलोची कोळंबी आणून तिची चवच लागणार नसेल तर पनीर घातलेलं काय वाईट?

दर्यावर्दी:
मला दोघांचंही पटत नाही. इटलीचं प्रमाणपत्र हवंच कशाला? मिरची आणि टोमॅटो दोन्ही अमेरिका खंडातून आलेले, तिकडेही आणि इकडेही. मालवणी मसाला, नारळाचं दूध, दोन आमसुलं घाला. कोळंबीला याहून चांगली सोबत नाही.

मीठमिरची:
दादा, मग तो सार झाला, त्यासोबत भात हवा. धने-बडीशेप-दगडफूल यांचा मसाला स्पगेटीला चिकटला की कोरडा, चरचरीत लागतो. नारळाचं दूध एकवेळ चालेल. मसाला नको.

दर्यावर्दी:
मसाला आधी तेलात नीट परतला आणि पेजेवर सोडला तर कोरडा लागत नाही. माझ्या घरी असाच होतो आणि पातेलं पुसून खाल्लं जातं.

रानजाई:
तुमचा वाद चालू द्या, पण पास्ता कोणता घेता ते कोणी बोललंच नाही. मैद्याचा स्वस्त पास्ता या रीतीने केला तर खळ होते, कारण कढईत तो आणखी शिजतो. इटलीत सुका पास्ता ड्युरम या कठीण गव्हाचाच असावा असा १९६७ पासून कायदा आहे. आपला बन्सी गहू म्हणजे ड्युरमच. पाकिटावर ड्युरम रवा लिहिलेलं बघूनच घ्या.

आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा काय करता? मी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी घालते.

खाडीकाठ:
सोडे? त्यांच्या वासापुढे लसूणही टिकणार नाही. त्या दोन महिन्यांत मी फ्रोझन कोळंबी आणते, रात्रभर फ्रिजमध्ये सुटू देते आणि फडक्याने टिपून घेते.

रानजाई:
इटलीत अमाल्फी किनाऱ्यावर चेतारा गावात खारवलेल्या अँचोव्ही या छोट्या माशाचा अर्क स्पगेटीवर घालतात. उग्र वासाचाच तो, आणि तिथे त्याचा मान आहे. सोडे मूठभरच घ्या, कोमट पाण्यात भिजवा, पिळून मंद आचेवर तेलात कुरकुरीत करा आणि लसूण त्यानंतर टाका. मीठ मात्र शेवटी चाखूनच. फ्रोझन कोळंबी बहुधा सोललेलीच येते, मग तुमचं ते कवचांचं पाणी कशाचं काढणार?